मग एवढा वेळ ते होतं कुठं?

नरकचतुर्दशीच्या संध्याकाळी अण्णांनी चष्म्याच्या डबीतून पेनड्राइव्ह काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला आणि माझ्या हातावर ठेवला. "यात आहे सगळं. उद्या गावात चाललास की प्रिंट काढून आण. दोन प्रती आण, एक ताईला." मी अंगणात स्टुलावर उभा राहून आकाशकंदिलाच्या वायरीशी झटापट करत होतो. एका हाताने पेनड्राइव्ह घेतला, 'हो' म्हणालो, आणि हो म्हणून झाल्यावर पोटात खड्डा पडला. त्या पेनड्राइव्हमध्ये काय आहे ते मला पक्कं ठाऊक होतं. आठ दिवसांपूर्वी पुण्यात बसून तो मीच तयार केला होता. त्यात लिनक्स मिंट होतं, विंडोजच्या जागी चालणारी फुकट सिस्टीम, जवळपास ३ जीबीची. अण्णांनी दुपारभर बसून लिहिलेली तीन पानं त्यात नव्हती. लॅपटॉपच्या हार्ड डिस्कवरही नव्हती. ती आता कुठंच नव्हती.

झालं होतं असं. पहाटे चारला उठून अभ्यंगस्नान, मग फराळ, मग येणारेजाणारे. दीडच्या सुमाराला सगळं घर आडवं झालं. अण्णांना दुपारी झोप येत नाही. आदल्या रात्री मी त्यांच्या जुन्या लॅपटॉपला पेनड्राइव्ह लावून मिंट सुरू करून दाखवलं होतं, कीबोर्डच्या यादीतून मराठी इन्स्क्रिप्ट निवडून दिला होता, लिहिण्याचा प्रोग्रॅम, लिबरऑफिस, कुठं असतो ते दाखवलं होतं. "दोन दिवस वापरून बघा, आवडलं तर कायमचं बसवू," एवढं म्हणून मी झोपायला गेलो होतो. अण्णांनी वापरून बघितलं. साडेचारपर्यंत लिहिलं, डॉक्युमेंट्समध्ये रीतसर सेव्ह केलं, फाइलीला नाव दिलं आणि यंत्र बंद केलं. बंद होताना काळ्या पडद्यावर इंग्रजीत एक ओळ येते: माध्यम काढून घ्या आणि मग एंटर दाबा. छत्तीस वर्षं सरकारी नोकरी केलेला माणूस. लेखी सूचना आली की ती पाळायची. त्यांनी पेनड्राइव्ह काढला, एंटर दाबलं, आणि ज्या अर्थी यंत्र स्वतःहून 'हे काढून घ्या' म्हणतंय त्या अर्थी आपला मजकूर त्यातच असणार, असं समजून तो डबीत जपून ठेवला. मला यात त्यांची एकही चूक सापडत नाही.

मी खाली उतरलो आणि सांगितलं. सरळ सांगायला हवं होतं. त्याऐवजी मी समजावून सांगत बसलो. हे लाइव्ह सेशन असतं अण्णा, म्हणजे चाचणीपुरतं, सगळं रॅममध्ये, यंत्राच्या तात्पुरत्या आठवणीत, चालतं, वीज गेली की रॅम रिकामी. पेनड्राइव्हवरचं मिंट हे छापील फॉर्मासारखं, त्याच्यावर काही लिहिता येत नाही. मग यंत्र त्या फॉर्मावर एक बटर पेपर ठेवतं आणि तुम्ही जे लिहाल, बदलाल, सेव्ह कराल ते त्या बटर पेपरवर उमटतं. बंद केलं की बटर पेपर टाकून देतं. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. आवाज चढला नाही, चेहऱ्यावर काही दिसलं नाही. फक्त म्हणाले, "पण मी सेव्ह केलं की. यादीत नाव दिसत होतं. एकदा बंद करून परत उघडली फाइल, तर उघडली." होय, म्हटलं, यंत्र सुरू होतं तोवर उघडणारच.

"मग एवढा वेळ ते होतं कुठं?"

उत्तर मी आत्ताच दिलं होतं, तरीही तो प्रश्न तसाच उभा होता. आई आतून म्हणाली, "वहीत लिहिलं असतं तर हे झालं असतं का?" यावर कुणालाच काही बोलता आलं नाही. अण्णा "असू दे, परत लिहीन" म्हणाले आणि पणत्यांत तेल घालायला उठले.

लॅपटॉप मीच २०१३ च्या दिवाळीत घेऊन दिला होता. ४ जीबी रॅम, आतमध्ये गरगरणारी हार्ड डिस्क, झाकणावर भाचीने लावलेला, आता अर्धा सुटलेला गणपतीचा स्टिकर. मधे केव्हातरी त्याच्यावर विंडोज १० चढलं आणि तेव्हापासून तो जिना चढलेल्या म्हाताऱ्यासारखा धापा टाकत असे. सुरू करून चहा टाकावा, चहा उकळेपर्यंत तो बाणाभोवतीचं गोल चक्र फिरवत राही. ऑक्टोबरात अण्णांचा फोन आला. "अरे, हे सांगतंय तुमची मुदत संपली." म्हटलं, तुमची नाही, विंडोजची. १४ ऑक्टोबर २०२५ नंतर विंडोज १० ला नेहमीचे सुरक्षा अपडेट बंद होणार होते, आणि विंडोज ११ साठी लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि नव्या पिढीचा प्रोसेसर या बारा वर्षांच्या यंत्राकडे कुठून असणार? अण्णांना नवा लॅपटॉप नको होता. "हा चालतोय ना? मग?" वस्तू चालते आहे तोवर ती बदलायची नाही, या बाबतीत त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो. आणि खरं सांगायचं तर मलाही तो घालायचा नव्हता. जुन्या यंत्राला लिनक्स घालून पुन्हा चालतं करायचं म्हटलं की माझ्यातला हॉस्टेलमधला मुलगा जागा होतो.

कपाटाच्या खणात एक १६ जीबीचा पेनड्राइव्ह मिळाला. चुलतभावाच्या लग्नाचा. हल्ली फोटोग्राफर व्हिडिओ देतात तो लाकडी डबीत, मखमलीवर निजवलेला, वर सोनेरी अक्षरात नवरा-नवरीची नावं. लग्नाला सहा वर्षं झाली, तो व्हिडिओ कुणी पुरता पाहिला असेल असं वाटत नाही, तरी मी तो आधी दुसरीकडे उतरवून घेतला. मिंटची हलकी एक्सएफसीई आवृत्ती डाउनलोड केली, तिचा चेकसम तपासला. चेकसमला मी मनात 'ताळा' म्हणतो, कारण लहानपणी अण्णा गुणाकार तपासायला शिकवायचे तो हाच प्रकार: अख्खा गुणाकार पुन्हा करायचा नाही, अंकांच्या बेरजा करून ताळा जमतो का बघायचं. इथं ३ जीबीच्या फाइलीचा ताळा ६४ अक्षरांत येतो आणि वाटेत एक बिट जरी इकडचा तिकडे झाला तरी ती ६४ अक्षरं पार वेगळी होतात. ताळा जमला. मग पेनड्राइव्हवरून यंत्र सुरू होईल असा तो तयार करणारं रूफस उघडलं. हा एवढासा प्रोग्रॅम, इन्स्टॉलसुद्धा करावा लागत नाही, आणि गेली अनेक वर्षं जगभरातले लोक त्याच्या जिवावर मेलेली यंत्रं उठवताहेत. पेनड्राइव्ह निवडला, मिंटची उतरवलेली फाइल, म्हणजे आयएसओ, निवडली. मधे एक सरकपट्टी असते, पर्सिस्टंट पार्टिशनसाठी. ती उजवीकडे ओढली की पेनड्राइव्हवर एक वेगळा कप्पा तयार होतो आणि लाइव्ह सेशनमध्ये केलेलं काम त्यात टिकतं. म्हणजे बटर पेपर फेकायच्या ऐवजी फाइलला लावून ठेवतात. पट्टी शून्यावर होती. मी ती शून्यावरच राहू दिली. दोन दिवस वापरून तर बघायचंय, कशाला उगाच. मग स्टार्ट, मग तो इशारा: या उपकरणावरचा सगळा डेटा नष्ट होईल. ओके.

त्या इशाऱ्याला घाबरणारा मी, आणि त्या पट्टीकडे ढुंकूनही न बघणारा मीच.

खरं तर मला हे जास्त चांगलं माहीत असायला हवं होतं, कारण बूट करण्याच्या, म्हणजे यंत्र सुरू करण्याच्या भानगडीत मी पंचविसेक वर्षं आहे. कॉलेजच्या लॅबमध्ये विंडोज ९८ ची स्टार्टअप फ्लॉपी सरांच्या ड्रॉवरमध्ये कुलपात असायची. १.४४ एमबीचा काळा चौकोन, त्यावर सरांच्या हिरव्या शाईतलं 'बूट'. ती आत घातली की ड्राइव्ह करकर करत दात खायचा, आणि चुकून भलतीच फ्लॉपी आत राहिली असेल तर यंत्र दारातच अडवायचं: ही सिस्टीम डिस्क नाही, बदला आणि कुठलीही कळ दाबा. त्यातली 'कुठलीही कळ' कुठली, हा लॅबमधला जुना विनोद. 'बूट' या शब्दाचा अर्थ सरांनी सांगितला होता तो अजून लक्षात आहे. बुटाच्या मागच्या बाजूला तो ओढून चढवायला एक पट्टा असतो. तो पट्टा धरून स्वतःच स्वतःला जमिनीवरून उचलायचं, अशी इंग्रजीतली कल्पना. सर म्हणाले, आपण बुटाऐवजी शेंडी म्हणू. आपलीच शेंडी धरून आपणच आपल्याला विहिरीतून वर काढायचं. कारण अडचण तशीच आहे: यंत्र चालवायला प्रोग्रॅम लागतो, आणि प्रोग्रॅम डिस्कवरून आणायचा तर त्यासाठी आधी यंत्र चालू हवं.

ही अडचण एका चिमटीने सुटते. जुन्या पद्धतीत यंत्र जागं झालं की त्याचं बायॉस, म्हणजे चिपमध्येच कोरलेला छोटा प्रोग्रॅम, डिस्कचा पहिला सेक्टर, म्हणजे फक्त ५१२ बाइट वाचतं. त्यातले ४४६ बाइट प्रोग्रॅमसाठी, ६४ बाइट डिस्कच्या वाटण्या कशा केल्यात त्याच्या नोंदीसाठी, आणि शेवटचे दोन बाइट ५५ आणि एए. हे दोन दिसले तर ही डिस्क बूट होणारी, नाहीतर पुढं चला. बिटांत लिहिलं तर ०१०१०१०१ १०१०१०१०, दोन रांगांत झिम्मा खेळणाऱ्या बायकांसारखं एकाआड एक. ते ४४६ बाइट म्हणजे विरजण. पातेलंभर दुधाला चमचाभर पुरतं, पण तो चमचा पडला नाही तर दूध रात्रभर ठेवलं तरी दूधच. हॉस्टेलमध्ये पहिल्यांदा पेनड्राइव्ह बनवायला घेतला तेव्हा मी आयएसओ फाइल उचलली आणि पेनड्राइव्हवर कॉपी-पेस्ट केली. सत्तरेक मिनिटं डाउनलोडला, पाच मिनिटं कॉपीला, आणि यंत्र म्हणतंय बूट करण्याजोगं काही नाही. दुधाची पिशवी न फोडता पातेल्यात ठेवली होती मी. आताच्या, बायॉसच्या जागी युईएफआय आलेल्या यंत्रांचं वेगळं आहे. आयएसओ उलगडून आतल्या फाइली नुसत्या एफएटी३२ पेनड्राइव्हवर ठेवल्या तरी ती बऱ्याचदा उठतात, कारण ठरावीक फोल्डरातली ठरावीक फाइल ती स्वतः शोधून घेतात. पण तेव्हा हे कुणाला माहीत.

त्याच्याही आधी सीडी होत्या. २००४ च्या ऑक्टोबरात उबुंटू नावाचं लिनक्स निघालं, आणि त्या लोकांची एक योजना होती शिपइट नावाची: वेबसाइटवर पत्ता भरा, जगात कुठंही असा, सीडी टपालाने फुकट घरपोच. फुकट आणि परदेशातून, या दोन शब्दांनी हॉस्टेलात केवढी खळबळ उडाली होती. मी पाच मागवल्या. दीड-दोन महिन्यांनी, विसरून गेल्यावर, पोस्टमन जाड पुठ्ठ्याचं पाकीट घेऊन आला आणि रेक्टरांनी ते स्वतःसमोर उघडायला लावलं. आतल्या सीड्यांना एक वास होता, नव्या वहीचा आणि प्लास्टिकचा मिळून. खोलीतल्या सामायिक पीसीत ती घातली, सीडी गरगरली, आणि हार्ड डिस्कवरच्या एकाही फाइलीला धक्का न लावता एक अख्खी वेगळी सिस्टीम उभी राहिली. तपकिरी पडदा, ढोलकीसारखा आवाज. आम्ही पाचजण खुर्चीमागे उभे. सीडी काढली, यंत्र परत सुरू केलं, तर आपलं जुनं विंडोज जसंच्या तसं, जणू कुणी आलंच नव्हतं. क्लाउस क्नॉपर या जर्मन माणसाने २००० सालापासून नॉपिक्स या आपल्या लिनक्सच्या सीडीवर हेच करून दाखवलं होतं, पण आमच्यासाठी ही जादू त्या दिवशी घडली. मागे काहीही खूण उरत नाही, हेच तर त्यातलं सगळ्यात भारी वाटलं होतं. वीस-एकविसाव्या वर्षी ते वाटतंच. ती शिपइट योजना २०११ मध्ये बंद झाली. माझ्याकडची शेवटची सीडी आईने बरीच वर्षं परसातल्या पेरूला पाखरं हाकलायला टांगली होती.

लक्ष्मीपूजनाच्या आदल्या त्या रात्री मला झोप लागेना. माजघरात गादीवर पडून फोनवर वाचत होतो, रॅममधलं गेलेलं परत मिळवता येतं का. बाहेर उशिरापर्यंत फटाक्यांची माळ कुठंतरी तडतडत होती. रॅममधला एकेक बिट म्हणजे एका अतिसूक्ष्म कपॅसिटरमध्ये साठवलेला चिमूटभर विद्युतभार. तो गळतो. गळून जायच्या आत पुन्हा भरावा लागतो. साधारणपणे ६४ मिलिसेकंदांत सगळ्या रॅमला एक फेरी. गळका रांजण आहे आणि शेजारी कुणीतरी उभं राहून घागरीमागून घागर ओततंय, असं. मी उठून हिशेब केला, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं: दीड ते साडेचार, तीन तास, म्हणजे १०,८०० सेकंद. पहिला शब्द लिहिल्यापासून यंत्र बंद होईपर्यंत तो शब्द १ लाख ६८ हजारांहून जास्त वेळा नव्याने भरला गेला होता. मग एंटर दाबल्यावर घागरी थांबल्या. वीज गेल्यानंतरही ते क्षणात जात नाही, हेही वाचलं. प्रिन्स्टनच्या संशोधकांनी २००८ मध्ये दाखवलं होतं की बंद केलेल्या रॅममध्ये काही सेकंद मजकूर रेंगाळतो, आणि धूळ उडवायचा हवेचा डबा उलटा धरून चिपवर फवारला, ती उणे ५० अंशांपर्यंत गोठवली, तर कित्येक मिनिटं टिकतो. तेवढ्यात पुन्हा बूट करून उपसता येतो. त्यांनी ते डिस्क उघडण्याच्या गुप्त किल्ल्या चोरता येतात हे सिद्ध करायला केलं होतं. मी साताऱ्यात रात्री एक वाजता डोळ्यांसमोर आणत होतो की साडेचार वाजता मला कळलं असतं आणि मी बर्फाची पिशवी घेऊन धावत गेलो असतो. आठ तास उशीर झाला होता. घागरी थांबून आठ तास.

आता ती पानं कशाची होती ते सांगायला हवं. अण्णांचा जन्म १९५१ चा, माण तालुक्यातला. १९७२ च्या दुष्काळात ते एकवीस वर्षांचे होते, मॅट्रिक झालेले, टायपिंगची परीक्षा दिलेले, आणि गावाजवळ पाझर तलावाचं दुष्काळी काम निघालं त्यावर मस्टर लिहायला लागले. ही त्यांची पहिली नोकरी. बाकीच्या नोकरीच्या गोष्टी ते हसून सांगतात: साहेबांच्या, बदल्यांच्या, तहसील कचेरीतल्या मांजराच्या. त्या वर्षाबद्दल मात्र सुटे तुकडेच ऐकलेत. सुकडी. रेशनवरचा लाल मिलो, ज्याच्या भाकरीला चिकटपणा नसायचा. खडी फोडणाऱ्यांच्या रांगा, आणि सकाळी नावं पुकारताना एकेकाने पुढं येऊन लावलेले अंगठे. अंगठ्याची शाई पुसायला पाणी नव्हतं, बायका ती मातीत घासायच्या, हे त्यांनी एकदा जेवताना सांगितलं आणि लगेच कढी मागितली. ताई बरीच वर्षं मागं लागली होती, अण्णा लिहून ठेवा. ते "बघू" म्हणायचे.

त्या दुपारी लिहायला लागले. चार वाजता मी चहा घेऊन गेलो तेव्हा ते पाठमोरे बसले होते, बंडी आणि पंचा, डावा हात मात्रा-वेलांट्यांवर, उजवा हात व्यंजनांवर. टाइपरायटरवर शिकलेला माणूस इन्स्क्रिप्टवर एका गोष्टीला कायम अडखळतो. टाइपरायटरवर ह्रस्व वेलांटी अक्षराच्या आधी मारायची, कारण कागदावर ती आधी दिसते. इन्स्क्रिप्टमध्ये अक्षर आधी, वेलांटी नंतर, कारण तोंडाने तसं म्हणतो आपण. नोकरीच्या शेवटच्या तीन-चार वर्षांत ऑफिसात त्यांना हे नवीन शिकावं लागलं. अजूनही 'दिवस' लिहायला आलं की त्यांचं बोट आधी वेलांटीकडे जातं, हवेतच थांबतं, मग द शोधतं. मी मागं उभा राहून ते बोट बघत होतो. मग नजर पडद्यावर गेली. "त्या दिवशी मस्टरवर नावं १८३ होती आणि मी मोजली ती माणसं", इथवर ओळ आली होती. अण्णांना चाहूल लागली. "ठेव तिथं. झाल्यावर वाच, असं मधनं वाचू नको." मी कप ठेवून बाहेर आलो.

एवढीच. तीन पानांतली दीड ओळसुद्धा नाही.

ती माणसं किती? १८३ पेक्षा कमी भरली असतील तर कुणीतरी मस्टरवर खोटी नावं चढवली होती, आणि ते मस्टर लिहिणारा हात अण्णांचा. जास्त भरली असतील तर नाव नसलेली माणसं उन्हात येऊन खडी फोडत बसली होती, या आशेवर की दयेने कुणी नाव घालेल. आणि ते घालणारा किंवा न घालणारा हातही अण्णांचाच. एकवीस वर्षांच्या मुलाने यातलं काय केलं असेल? मी लक्ष्मीपूजनाच्या सकाळी विचारलं. चकलीचा तुकडा मोडत, सहज विचारल्यासारखं. "अण्णा, काल ते मस्टरचं लिहीत होता, त्या दिवशी माणसं किती भरली?" ते माझ्याकडे बघत राहिले. "लिहिलं होतं की," म्हणाले. रागाने नाही. जसं एखाद्या अर्जदाराला सांगावं, कागद दिलाय तुम्हाला, आता तुमच्याकडे असेल. मला तिथं खरी गोष्ट उमगली. त्यांना ते सांगायचं नव्हतं. लिहायचं होतं. या दोन गोष्टी त्यांच्यासाठी वेगळ्या आहेत, आणि लिहायचं ते त्यांनी बावन्न-त्रेपन्न वर्षांनी एकदाच, घर झोपलेलं असताना, लिहून टाकलं होतं.

पाडव्याला मिंट कायमचं बसवलं. त्यांच्या जुन्या फाइली, फोटो, पेन्शनची कागदपत्रं आधी बाहेर काढून घेतली, एकदा नाही दोनदा. मग एफ १२ दाबून पेनड्राइव्हवरून बूट केलं आणि डेस्कटॉपवरच्या इन्स्टॉलच्या चिन्हावर टिचकी मारली. अण्णा शेजारी खुर्ची ओढून बसले होते आणि प्रत्येक पडद्यावरची इंग्रजी सूचना मोठ्याने वाचत होते, घाई करू देत नव्हते. 'डिस्क पुसून इन्स्टॉल करा' हा पर्याय आला तेव्हा त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. "हे पुसणार. मग याच्यापुढचं?" याच्यापुढचं टिकणार, म्हटलं. "बंद केलं तरी?" बंद केलं तरी. "वीज गेली तरी?" तरीही. त्यांनी हात काढला. पट्टी सरकायला लागली आणि मधेच आईने ओवाळायला हाक मारली, म्हणून आम्ही दोघं पाटावर बसलो असताना टेबलावर लॅपटॉप एकटाच आपली जुनी डिस्क पुसत होता. संध्याकाळी त्यांनी स्वतः चाचणी घेतली. एक फाइल उघडली, त्यात आपलं पूर्ण नाव आणि तारीख लिहिली, सेव्ह केली, यंत्र बंद केलं, दहा मिनिटं थांबले, सुरू केलं. नाव होतं. पुन्हा बंद केलं, आणि या वेळी भिंतीतली पिनसुद्धा काढली. तरी नाव होतं. मान हलवली, पण चेहरा काही तसा खुलला नाही.

त्यानंतर फोनवर मी मस्टरचा विषय काढला नाही. ते अक्षर मोठं कसं करायचं, पानाला आकडे कसे घालायचे, असलं विचारत, त्यावरून काहीतरी चाललंय एवढं कळायचं. सोसायटीच्या पाण्याच्या टाकीबद्दलचं निवेदनही असू शकतं, मी स्वतःला बजावत असे.

संक्रांतीला गेलो. अण्णा देवळात जायचे होते, त्यांची काठी आणि टोपी शोधणं चाललं होतं. मी लॅपटॉप उघडला. विंडोजपेक्षा बरा, पण ती जुनी डिस्क अजूनही मिनीट-दीड मिनीट घेतेच. डेस्कटॉपवर एकच फाइल होती, 'दुष्काळ ७२'. तीन पानं भरलेली. पानांना आकडे घातलेले, वर उजव्या कोपऱ्यात तारीख, परिच्छेद सरकारी टिपणीसारखे क्रमांक घातलेले. सुरुवात पाझर तलावाच्या जागेपासून होती, मग कामाची वेळ, मग सुकडी कशी वाटायचे. भाषा अण्णांची, पण इस्त्री केलेली. मी पहिलं पान वाचलंच नाही, नुसतं डोळ्यांनी खाली आलो, आणि दुसऱ्या पानावर, सातव्या क्रमांकाच्या परिच्छेदात ती ओळ सापडली.

"त्या दिवशी मस्टरवर नावं १८३ होती आणि तेवढीच माणसं कामावर हजर होती."

मी ती दोनदा वाचली. दारातून अण्णांचा आवाज आला, "उघडलंस का रे? वाचलंस?"

"नाही," म्हटलं, "अजून सुरू होतंय."